धोंड्यावरचे खवले

मी जात्याच संशयी. दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढले. तिथं दारात वाळत घातलेलं लुगडं आणि अंगणात हिंडणारी कोंबडी, दोन्हींवर डोळा ठेवूनच जेवायला बसावं लागे. बाहेरून कुणी हाक मारली तर आमची आई आधी खिडकीच्या फटीतून बघून घ्यायची आणि मग ‘ओ’ द्यायची. त्यामुळे लग्न होऊन शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आले तेव्हा ज्यानं त्यानं मला नदीचं कौतुक सांगितलं, आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून त्या नदीचाच संशय आला.

कारण तसंच होतं. लग्न होऊन आले ते पावसाळ्यात. नदी सह्याद्रीतून तांबडी लाल होऊन येत होती. डोंगरातली मुळासकट उपटलेली झाडं, कुणाच्या तरी छपराच्या वाशांचा गठ्ठा, एकदा तर फुगलेलं वासरू, सगळं आमच्या दारावरून गडगडत गेलं. आणि उन्हाळ्यात बघावं तर नदी कुठंच नाही. पांढरी स्वच्छ वाळू, मध्ये काळ्या खडकाचे उंचवटे, त्यात पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खड्डे, आणि पायाचा घोटासुद्धा भिजणार नाही एवढी एक धार. करंजाच्या सावलीला म्हशी बसलेल्या. ‘मी काय केलं?’ असा चेहरा करून नदी पडलेली असायची. पावसाळ्यात पाहिलेली बाई आणि ही बाई एकच, यावर माझा विश्वास बसायला पुष्कळ दिवस लागले.

घरात आम्ही तिघं. सासूबाई, मी आणि मामंजी. आमचे हे दौंडला रेल्वेत. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. घर ख्रिस्ती. मामंजींची उमर शिरूरच्या मिशनच्या आवारात गेली होती. तिथलं काम सुटलं तेव्हा त्यांनी नदीकाठी हा तुकडा घेतला आणि कांदा-लसूण लावून राहिले. गावात त्यांना आप्पा म्हणत. बोलणं कमी, स्वच्छतेचं वेड फार. रोज सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन ते नदीत उतरत. आमच्या काठाला, उन्हाळ्यातही पाणी राहील अशा खोलगट जागी, पाण्यात घुसलेला एक सपाट काळा धोंडा होता. त्यावर पाणी ओतायचं, हातानं घासायचं, ओला धोंडा धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि मग बसून प्रार्थना करायची. जिथं देवाचं नाव घ्यायचं ती जागा धुतलेली पाहिजे, हा त्यांचा नेम. पाऊस असो की थंडी, त्यात खंड नाही.

समोरच्या काठाला आबांचा वाडगा, कुंपणातलं घर आणि गोठा. आबा म्हणजे धनगरांच्या वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्या बापानं मेंढरं हिंडवली, आबांनी मेंढरं विकून विहीर पाडली आणि ज्वारी पेरली. बिरोबाचं देऊळ त्यांच्याकडे होतं, आणि देवळाखालचा डोहही. त्या डोहात पाणी कधी आटत नसे. तिथले मासे देवाचे. कुणी धरायचे नाहीत. सणाला कणकेच्या गोळ्या टाकायच्या, की मांडीएवढे मासे तोंड वासून वर येत. खाली जिथं खडकाची एक आडवी पट्टी होती तिथपर्यंत देवाची हद्द. त्याखाली ज्याला गळ टाकायचा त्यानं टाकावा. मामंजी टाकत. मासा हा त्यांचा एकुलता एक शौक. पण पट्टीच्या वर त्यांचा गळ कधी गेला नाही, आणि हे आबांना ठाऊक होतं.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर होतं. उन्हाळ्यात गावाचं पिण्याचं पाणी म्हणजे वाळूतले झिरे. वाळूत कमरेएवढा खड्डा खणायचा, थोडं थांबलं की तळाशी काचेसारखं पाणी येतं. तांब्यानं घागरीत भरायचं. कुत्री-गुरं तोंड घालतील म्हणून झिऱ्याभोवती बाभळीचे काटे रचायचे. प्रत्येक घराचा आपापला झिरा. आमच्या काठाला वाळूखाली गाळ, त्यामुळे आमचं पाणी नेहमी गढूळ. ते पाहून फार वर्षांपूर्वी आबांनी आपल्या झिऱ्याच्या काट्यांची आमच्याकडची बाजू मोकळी ठेवली होती. मिशनच्या माणसांनी कुणाच्या झिऱ्याला हात लावणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आबांनी त्यावर काही भाषण केलं नाही, कुणाला विचारलं नाही. एक बाजू मोकळी ठेवली, संपलं. सासूबाई हे मला सांगताना पदर डोळ्याला लावत.

मी नदीची ओळख हळूहळू करून घेतली, पण संशय ठेवूनच. टिटवी कशाला ओरडते? मला वाटायचं, माझी चहाडी करायला. मी धुणं घेऊन उतरले की ती डोक्यावर घिरट्या घालून सगळ्या काठाला सांगायची. खंड्या पक्षी करंजाच्या फांदीवर निळा शालू नेसून साळसूदपणे बसायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मासा घेऊन परत. बगळ्याचं तर काय सांगायचं, त्याच्याइतका ढोंगी मी दौंडच्या स्टेशनातही पाहिला नाही. वाळूत उघड्यावर अंडी घालणारा एक करडा-पांढरा पक्षी होता, नदीवर तोल सावरत उडायचा. त्याची अंडी अशी वाळूच्या रंगाची, की पाय पडायला आला तरी दिसत नसत. काळ्या खडकावर कासवं ऊन खात बसत आणि माझी चाहूल लागली की एकामागून एक डुबूक. पलीकडच्या माळावर संध्याकाळी कोल्हे दिसत, कधी लांडगाही. या नदीवर प्रत्येक जीव काही तरी लपवत होता.

मला येऊन वर्षभर झालं असेल, त्या उन्हाळ्यात देवाचे मासे कमी झाले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणी तरी कणकेच्या गोळ्या टाकल्या आणि वर आले ते बोटाएवढे. मोठे गेले कुठं? खालच्या अंगाला तेव्हा धरणाचं काम चाललं होतं, लांबलांबची हिंदी बोलणारी माणसं कामावर होती. आधी संशय त्यांच्यावर. पण ती माणसं इतक्या वर येतच नव्हती. मग भोयांवर. पण भोयांचं जाळं सगळ्यांच्या देखत पडतं आणि देखतच उचललं जातं. मग लोक बोलायचे थांबले. गाव बोलायचं थांबलं, की समजावं त्याला नाव सापडलंय.

एक दिवस मी घागर घेऊन आबांच्या झिऱ्यावर गेले, तर आमच्या बाजूलाही काटे लावलेले. नीट, घट्ट, आडव्या-उभ्या फांद्या गुंतवून. वाऱ्यानं आलेले नव्हेत. मी रिकामी घागर घेऊन परत आले. सासूबाईंनी घागरीत डोकावून बघितलं आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. मामंजींना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, ‘‘आपला झिरा हाय न्हवं. फडक्यानं गाळून घ्या.’’ त्या दिवसापासून आम्ही गढूळ पाणी गाळून प्यायलो. आंघोळीला नव्हे, प्यायला.

मला आतून बाहेरून राग आला होता. कुणाचा ते कळेना म्हणून मी सगळ्यांचा केला. सासूबाईंना विचारलं, ‘‘आबांना आपल्यावर कसला संशय आहे?’’ तर त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मासं. गावात समद्यांनी पाह्यलंय म्हनं. तुझं मामंजी रोज सकाळी धोंड्यावरचं खवलं धुतात.’’

आणि ते खरं होतं. मी दुसऱ्याच सकाळी जाऊन बघितलं. धोंड्याच्या एका कोपऱ्यात खवल्यांचा ओलसर ढीग, त्यात बारीक काटे, आणि नाकात जाईल असा घाण वास. मामंजी आले, त्यांनी त्यावर पाणी ओतलं, घासलं, पुसलं आणि प्रार्थनेला बसले. समोरच्या काठाला दोन बाया भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले होते. मी तिथं उभी राहून हे सगळं बघितलं. पलीकडून ते कसं दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं. माणूस देवाचा मासा मारतो, खातो, आणि सकाळी पुरावा धुऊन टाकून वर देवाचं नाव घेतो.

‘‘मामंजी, हे खवले कुठून येतात?’’ मी विचारलं.

त्यांनी शास्त्र मिटलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ‘‘कुठनं येनार? टाकतंय कुनीतरी. मी हितं बसतो हे ठावं हाय म्हनून टाकतंय. आधी धोंड्यावर घान टाकली, मंग झिऱ्याला काटं लावलं. आबाला आता आमी नकू झालोय. आन् तोंडावर सांगायची हिंमत न्हाई.’’

‘‘आबा?’’

‘‘दुसरं कोन?’’

म्हणजे पलीकडे आबांची खात्री, की आप्पा चोर. अलीकडे मामंजींची खात्री, की आबा रोज घाण टाकून आपल्याला हुसकावतायत. आणि दोघंही एकमेकांना विचारायला तयार नाहीत. एकाला वाटतं, विचारणं म्हणजे मित्राला चोर म्हणणं. दुसऱ्याला वाटतं, विचारणं म्हणजे भीक मागणं. त्यापेक्षा काटे बरे आणि घासणं बरं. माझ्यासारख्या संशयी बाईलासुद्धा हा प्रकार सोसवेना. आमच्या वसाहतीत कोंबडी गेली तर निदान कंबरेला पदर खोचून दारात जाऊन भांडायचे!

त्याच शनिवारी हे घरी आले तेव्हा मामंजींनी सांगून टाकलं, की तुकडा विकून शिरूरला मिशनच्या जागेत जायचं. एक खोली मिळत होती. सासूबाई रडल्या. नदी सोडून मामंजी जगणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही. ते जेवताना हात थांबवून नुसते नदीच्या पात्राकडे बघत बसत. विकणार हे गावात कळलं, की झालंच. चोर होता म्हणून पळाला, हे कायमचं कपाळावर.

तेव्हा मी ठरवलं, खवले टाकणाऱ्याला पकडायचं. उजाडायच्या थोडं आधी, तांबडं फुटत असताना, मी निरगुडीच्या जाळीमागं जाऊन बसले. मनात मी एकेकाला उभं केलं होतं: आबांचा वाकड्या तोंडाचा थोरला मुलगा, भोयांची म्हातारी, भांडी घासणाऱ्या त्या दोघी. कोण येतंय ते येऊ दे, म्हटलं.

शीळ आली. बारीक, पक्ष्यासारखी, पण पक्ष्याची नव्हे. डोहाकडून पाण्यात एक रेघ येत होती, तिच्यामागं आणखी दोन. वाटलं, साप. मग त्या रेघेनं डोकं वर काढलं. चपटं डोकं, मिशा, ओली काळपट अंगकांती. पाणमांजर! तोंडात आडवा मासा, तिच्या अर्ध्या लांबीचा. मागं दोन पिल्लं, चिवचिव करत, मासा मागत. खडकाच्या आडव्या पट्टीवर बसून तिनं दोन्ही हातांनी मासा धरला आणि डोक्याकडून खायला लागली. शेंगा फोडल्यासारखा कुरुम कुरुम आवाज मला जाळीत ऐकू येत होता. खाऊन झाल्यावर तिघं पोहत आमच्या धोंड्यावर चढली. अंग घासलं, लोळली, एकमेकांवर पडली. आणि मग एकामागून एक, त्याच कोपऱ्यात, शेपटी उचलून, कामाला बसली. उठली आणि गेली, मागं तोच खवल्यांचा ओलसर ढीग.

मी तोंडात पदर कोंबून हसले, आणि हसता हसता रडले. आमच्या घराची अब्रू कशात अडकली होती ते मला तिथं दिसलं. मामंजी रोज आपल्या हातानं काय धूत होते, हे त्यांना सांगायचं कसं!

पण सांगून कोण ऐकणार? संशय ज्या घरावर, त्याच घरची सून साक्षीदार. आबा म्हणतील, सासऱ्यासाठी सांगते. मामंजी म्हणतील, भोळी आहे. दाखवायलाच हवं होतं. मी दुपारी सरळ पात्र ओलांडून आबांच्या अंगणात गेले. आबा लोकर कातत बसले होते. मी म्हटलं, ‘‘आबा, उद्या उजाडायच्या आत आमच्या काठाला या. निरगुडीपाशी.’’

त्यांनी वर न बघता विचारलं, ‘‘आप्पानं धाडलंय?’’

‘‘नाही. त्यांना ठाऊकही नाही.’’

‘‘मंग मी कशापायी येऊ?’’

‘‘काटे लावायच्या आधी विचारायला आला नाहीत, म्हणून आता बघायला या,’’ मी म्हटलं. सासरच्या गावात वडील माणसाला मी असं बोलले. आबांच्या हातातली चाती फिरायची थांबली. मी उत्तराची वाट न बघता निघाले.

मामंजींना मी एवढंच सांगितलं, की धोंडा कोण घाण करतं ते पहाटे दाखवते. आम्ही दोघं जाळीमागं बसलो. थोड्या वेळात वाळूवर काठी टेकत एक घोंगडी येताना दिसली. मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘‘बघ,’’ ते कुजबुजले, ‘‘म्हनलं नव्हतं? आलाच.’’ आणि त्याच वेळी आबांनीही आम्हाला बघितलं. ते जागच्या जागी उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘व्हय गं पोरी, आप्पा धोंडा धुतुया हे दाखवाया बोलीवलंस? ते मी रोज बघतुया.’’

दोघं म्हातारे उभे राहून एकमेकांकडे बघायला लागले. मी आयुष्यात कुणाला दटावलं नसेल असं त्यांना दटावलं. ‘‘गप बसा दोघंही. खाली बसा.’’ बसले. एकमेकांकडे पाठ करून बसले.

शीळ आली. त्या दिवशी पाणमांजरीनं फार वेळ घेतला. डोहातून मासा आणला, पिल्लांना भरवला, स्वतः खाल्ला. आबांची मान हळूहळू वळली. मामंजींचीही. तिघं धोंड्यावर चढली, लोळली, कोपऱ्यात गेली. मामंजींनी आपल्या हाताच्या तळव्याकडे बघितलं. आबांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं खोकला, पण ते हसत होते. मामंजी हसले नाहीत.

ती पाण्यात उतरून गेल्यावर आबा म्हणाले, ‘‘हूद हाय. लहानपनी बघितलं हुतं. वरनं डोंगरातनं उतरलं असंल. आप्पा, आमाला वाटलं, तुमी.’’

‘‘आन् मला वाटलं, तुमी,’’ मामंजी म्हणाले.

आबा उठले, पात्र ओलांडून गेले आणि आमच्या बाजूचे काटे हातानं उपसून लांब फेकले. मी इकडून बघत होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की देवाचे मासे देवाचंच जनावर खातंय, त्याला कुणी धोंडा मारायचा नाही. आबांनी तसं देवळात सांगितलं. आमच्या घराची माफी मागायला मात्र कुणी आलं नाही. कशाची मागणार? तोंडानं कुणी काही म्हटलंच नव्हतं.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. मी घागर घेऊन निघाले तर मामंजींनी हाक मारून परत बोलावलं. ‘‘आपल्याच झिऱ्याचं आना.’’ काटे निघाले, तरी आम्ही गढूळच पीत राहिलो. धोंड्यावरही ते बसेनात. एका सकाळी मी विचारलंच, तेव्हा ते उसळले. ‘‘जनावरानं खाल्लं तर देवाचं. आन् आप्पानं खाल्लं असतं तर? इतकी वर्सं समोरासमोर ऱ्हायलो. मी चोर न्हाई हे त्यांना जनावरानं दाखवावं लागलं!’’

‘‘आणि आबा घाण टाकत नाहीत, हे तुम्हाला कुणी दाखवलं?’’ मी म्हटलं.

 सुनेनं असं बोलायचं नसतं. पण मला खरोखरच त्यांची दया येत होती आणि रागही, दोन्ही एकाच वेळी. मामंजी उठून बाहेर गेले.

दुसऱ्या सकाळी घागर जागेवर नव्हती. बाहेर येऊन बघते तर मामंजी ती खांद्यावर घेऊन वाळूतून पलीकडे निघालेले. पुरुषमाणूस पाण्याला जाताना त्या गावात कुणी बघितला नव्हता. भांडी घासणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले. आबा झिऱ्यावर वाकून आपल्या पिण्यापुरता तांब्या भरून घेत होते. मामंजी मोकळ्या बाजूनं आत गेले नाहीत. बाहेरच थांबले, घागर खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘आबा, पानी घेऊ का?’’

इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणाला हे विचारावं लागलं नव्हतं. आबा तांब्या हातात धरून वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, ‘‘आता इचारून घेनार व्हय, आप्पा?’’

‘‘व्हय,’’ मामंजी म्हणाले. ‘‘आन् तुमीबी इचारत जावा. मनात आलं की त्याच दिशी इचारायचं. मीबी इचारीन.’’

आबांनी मान डोलावली. त्यांनी मामंजींच्या हातात तांब्या दिला नाही. घागर स्वतःकडे ओढली, भरली, आणि मामंजी नको नको म्हणत असताना त्या वयात ती खांद्यावर घेऊन पात्र ओलांडून आमच्या दारात आणून ठेवली.